काटकोनाचे दोन मार्क

गेल्या शनिवारी सकाळी आठ वाजता ताईचा फोन. शनिवारी सकाळी मला फोन करायचा नाही हे तिला माझ्या पहिल्या नोकरीपासून माहीत आहे, म्हणजे प्रकरण गंभीर. "जरा हिच्याशी बोल रे. दोन मार्कांवरून कालपासून तोंड फुगवून बसलीये." ही म्हणजे माझी भाची. बारावी सायन्स. त्यामुळे त्यांच्या घरात सध्या टीव्हीसुद्धा कुजबुजतो.

पाठोपाठ व्हॉट्सॲपवर पेपरचा फोटो आला. क्लासची टेस्ट, धडा व्हेक्टर्सचा (पुस्तकी मराठीत सदिश, पण सदिश म्हटलं की मला अजून सदाशिव पेठ आठवते), प्रश्न तीन मार्कांचा. अ (२, −१, १), ब (१, −३, −५) आणि क (३, −४, −४) हे काटकोन त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत हे सिद्ध करा. ज्यांनी बारावीला गणित घेतलं होतं त्यांना हे आकडे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतील. पुस्तकांतून, गाइडांतून, टेस्ट सिरीजमधून हे गणित वर्षानुवर्षं फिरतंय.

भाचीने काय केलं? क पासून अ कडे जाणारा व्हेक्टर काढला: (−१, ३, ५). क पासून ब कडे जाणारा काढला: (−२, १, −१). दोघांचा डॉट प्रॉडक्ट घेतला, म्हणजे पहिल्याला पहिल्याने गुणलं, दुसऱ्याला दुसऱ्याने, तिसऱ्याला तिसऱ्याने आणि बेरीज केली. २ + ३ − ५ = ०. डॉट प्रॉडक्ट शून्य, म्हणजे दोन्ही व्हेक्टर एकमेकांना लंब, म्हणजे कोन क काटकोन. चार ओळींत खेळ खलास.

त्याखाली लाल शाईत एकच शब्द, "मेथड?". आणि तीनपैकी एक.

मी सरांना फोन केला. (हो, मी तसला मामा आहे.) सर सज्जन माणूस, अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "उत्तर बरोबरच आहे हो. पण सोडवलेल्या उदाहरणात तिन्ही बाजूंच्या लांब्या काढून पायथागोरस लावलाय. मुलांनी तसंच लिहावं. उद्या बोर्डात पेपर कोणाच्या हातात पडेल सांगता येतं का?"

इथवर मी पण समजूतदारपणे "हो सर, बरोबर आहे सर" करत होतो. शे-दीडशे पेपर, समोर मॉडेल ॲन्सर, रात्रीचे अकरा. माझ्याकडे कोड रिव्ह्यूला सलग दहा फायली आल्या की मी पण सातव्या फाइलपासून डोळे मिटून ओके करतो. पण मग भाचीने तिच्या मैत्रिणीच्या पेपरचा फोटो पाठवला आणि माझं डोकं सटकलं.

मैत्रिणीने प्रश्नच चुकीचा वाचला होता. अ, ब, क हे बिंदू आहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही. तिला वाटलं या तीन त्रिकोणाच्या बाजूच आहेत. तिने सरळ दिलेल्या आकड्यांचे वर्ग केले. ४ + १ + १ = ६. १ + ९ + २५ = ३५. ९ + १६ + १६ = ४१. आणि ६ + ३५ = ४१, म्हणून पायथागोरसनुसार काटकोन त्रिकोण. तीनपैकी तीन!

आता बोला.

तुम्ही म्हणाल, चुकीचं वाचून बरोबर उत्तर कसं आलं? मलाही आधी योगायोग वाटला. खऱ्या त्रिकोणाच्या बाजूंचे वर्ग काढून पाहिले: कब चा ६, कअ चा ३५, अब चा ४१. तेच आकडे! मग चहा करता करता ट्यूब पेटली. पहिल्या दोन त्रिकुटांची बेरीज करून बघा. २ + १ = ३, −१ − ३ = −४, १ − ५ = −४. म्हणजे तिसरं त्रिकुट. आणि पहिल्या दोघांचा डॉट प्रॉडक्ट? २ + ३ − ५, परत शून्य. म्हणजे आरंभबिंदू, अ, क आणि ब हे चार बिंदू मिळून एक आयत होतो. भाचीचा त्रिकोण म्हणजे या आयताचा एका कर्णावर कापलेला अर्धा भाग. मैत्रिणीचा त्रिकोण म्हणजे त्याच आयताचा दुसऱ्या कर्णावर कापलेला अर्धा भाग. आयताचे दोन्ही कर्ण सारखे, म्हणून आकडे सारखे. गणित ज्याने रचलं त्याने सोपे आकडे यावेत म्हणून हे केलं की मुद्दाम गंमत म्हणून, कोण जाणे. पण या आकड्यांवर चुकीचं वाचणारा पास होतो आणि तपासणाऱ्याला ते कळायला मार्गच नाही, कारण तो शेवटच्या ओळीतले ६, ३५, ४१ बघून बरोबरची खूण करतोय.

हा आयत दिसतो तो डॉट प्रॉडक्टमुळे, हे लक्षात घ्या. लांब्यांच्या वाटेने गेलात तर तीन आकडे हातात येतात आणि गोष्ट संपते. (जाता जाता: बौधायनाच्या शुल्बसूत्रात हा नियम त्रिकोणाच्या नाही, आयताच्या कर्णाच्या भाषेत सांगितलाय. पायथागोरसच्या आधी आपल्याकडे होतं असे फॉरवर्ड दर महिन्याला पाठवणाऱ्या काकांपैकी एकानेही मला आजवर हे सांगितलेलं नाही.)

मैत्रिणीची पद्धत किती तकलादू आहे बघायचं असेल तर तिन्ही बिंदूंच्या प्रत्येक आकड्यात १ मिळवा. अ (३, ०, २), ब (२, −२, −४), क (४, −३, −३). त्रिकोण तोच, फक्त उचलून बाजूला ठेवलाय. भाचीच्या पद्धतीत काहीच बदलत नाही, कारण ती बिंदूंची वजाबाकी करते आणि मिळवलेला १ तिथेच उडून जातो. मैत्रिणीचे वर्ग येतात १३, २४ आणि ३४. आता १३ आणि २४ मिळून ३७. गेला काटकोन.

तर माझं म्हणणं साधं आहे. सिद्धता तपासायची तर ती सिद्ध करते का हे तपासा. ती सोडवलेल्या उदाहरणासारखी दिसते का, हे तपासणं म्हणजे गणित तपासणं नव्हे, हस्ताक्षर तपासणं झालं. आणि सगळ्यात विनोदी भाग म्हणजे धडा व्हेक्टर्सचा! व्हेक्टर्सच्या धड्यात व्हेक्टर वापरले म्हणून मार्क गेले. सोडवलेलं उदाहरण लांब्यांनी केलंय याचं कारण एवढंच की ते धड्यात डॉट प्रॉडक्ट शिकवायच्या आधी येतं. पुढची पानं वाचल्याची शिक्षा झाली पोरीला.

सरांच्या बाजूने एक दमदार मुद्दा आहे आणि तो कमेंटमध्ये कोणीतरी टाकणारच, म्हणून आधीच घेतो. डॉट प्रॉडक्ट शून्य म्हणजे काटकोन, हे कशावरून? पुस्तकात ते कोसाइनच्या नियमाशी जोडलेलं असतं आणि कोसाइनचा नियम उभा आहे पायथागोरसवर. मग व्हेक्टरची सिद्धता म्हणजे पायथागोरसलाच मागच्या दाराने आणणं नाही का?

आहे. शंभर टक्के आहे. म्हणूनच कोणी "व्हेक्टर वापरून पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करा" असं विचारलं आणि दोन ओळींत उरकलं, तर त्याला मी पण विचारीन की बाबा रे, तू जे सिद्ध करतोयस ते आधीच गृहीत धरलंस का? तिथे मार्क कापा, माझी तक्रार नाही. पण इथे दिलेल्या तीन बिंदूंचा एक ठरावीक त्रिकोण तपासायचाय. आणि गंमत बघा. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करा, त्यातून तिसऱ्या बाजूचा वर्ग वजा करा, जे उरतं ते बरोब्बर त्या दोन बाजूंच्या डॉट प्रॉडक्टच्या दुप्पट असतं. नेहमी. कुठल्याही त्रिकोणात. म्हणजे सरांची पद्धत नऊ वर्ग करून, त्यांच्या बेरजा करून, शेवटी एक वजाबाकी करून जी संख्या शून्य आहे का बघते, तिचीच निम्मी भाचीने तीन गुणाकारांत काढली. दोन्ही एकच गोष्ट आहे. मग एकीला तीन आणि दुसरीला एक कसा?

आणि पद्धतीबद्दल एवढा कडकपणा असेल तर तो सगळीकडे लावा ना. मैत्रिणीने लिहिलंय "पायथागोरसच्या प्रमेयानुसार". पायथागोरसचं प्रमेय म्हणतं की त्रिकोण काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळते. आपल्याला हवं ते उलटं आहे: बेरीज जुळते म्हणून काटकोन. तो व्यत्यास. युक्लिडने पहिल्या पुस्तकात ४७ वं विधान पायथागोरसचं दिलं आणि लगेच ४८ वं म्हणून व्यत्यास वेगळा सिद्ध केला. त्याला काय काम नव्हतं म्हणून नाही, तर ही दोन वेगळी विधानं आहेत म्हणून. आपल्याकडे दहावीच्या पुस्तकातही "पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास" म्हणून वेगळं प्रमेय आहे. पक्ष, साध्य, सिद्धता सगळं आहे. बारावीत येईपर्यंत ते कोण विसरलं, मुलं की तपासणारे?

प्रामाणिकपणे सांगायचं तर भाचीच्या उत्तरातही एक भोक आहे. दोनपैकी एक व्हेक्टर शून्य असला तरी डॉट प्रॉडक्ट शून्यच येतो, म्हणजे दोन बिंदू एकाच जागी असले तरी. तेव्हा "दोन्ही व्हेक्टर शून्येतर आहेत" हे अर्धं वाक्य पाहिजे होतं. तिथे अर्धा मार्क कापला असता तर मी सरांना घरी बोलावून चहा-पोहे खिलवले असते. पण हे भोक लांब्यांच्या पद्धतीतही आहे (० + ३५ = ३५ चालतंच की) आणि तिथे कोणी हे वाक्य मागत नाही.

लांब्यांची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. गावी आमचं घर बांधलं तेव्हा गवंड्याने पायाची आखणी करताना एका दोरीवर तीन फूट मोजले, दुसऱ्या दोरीवर चार, आणि तिरका टेप लावून पाच येतात का पाहिलं. येत नव्हते. दोरी सरकवली, पाच आले, "आता गुण्यात आहे" म्हणाला आणि बिडी पेटवली. त्याच्याकडे टेप होता, को-ऑर्डिनेट नव्हते. जे हातात आहे त्यातून सगळ्यात जवळचा रस्ता व्यत्यासाचा. शिवाय लांब्यांच्या पद्धतीला एक फायदा आहे: सगळ्यात मोठी बाजू लगेच दिसते, म्हणून काटकोन कुठे शोधायचा ते कळतं. डॉट प्रॉडक्टमध्ये नशीब वाईट असेल तर तिन्ही कोपरे तपासावे लागतात. पण प्रश्नात को-ऑर्डिनेट दिलेले असताना आधी त्यांच्या लांब्या करायच्या आणि मग लांब्यांवरून कोन शोधायचा म्हणजे कात्रजहून स्वारगेटला जाताना वाटेत सिंहगड चढून येण्यासारखं आहे.

आणि हा नुसता सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही. मला याचा फटका बसलाय. पहिल्या नोकरीत पत्र्याच्या पार्टांची ड्रॉइंग्ज करणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर होतो. कोपरा काटकोनात आहे का ते सांगणारं एक छोटं फंक्शन मला लिहायचं होतं. मी बारावीत ९० च्या वर मार्क मिळवलेला मुलगा. तिन्ही लांब्या काढल्या, वर्ग केले, बरोबरचं चिन्ह लावलं, झालं. टेस्टिंगला गेलं आणि एका साध्या घनाच्या कर्णावर आपटलं. बाजू १, पृष्ठाचा कर्ण वर्गमूळ २, आतला कर्ण वर्गमूळ ३. शेंबडं पोर सांगेल की काटकोन आहे. कॉम्प्युटर म्हणाला नाही. कारण तो वर्गमूळ २ चा वर्ग देतो २.०००००००००००००००४ आणि वर्गमूळ ३ चा वर्ग देतो २.९९९९९९९९९९९९९९९६. आजही पायथन उघडून करून बघा, हेच येईल. एका बाजूला तीनच्या किंचित वर, दुसऱ्या बाजूला तीनच्या किंचित खाली, आणि मधल्या फटीत माझी इज्जत. शेजारच्या सीनियरने काही न बोलता माझ्या बारा ओळी उडवल्या आणि डॉट प्रॉडक्टची एक ओळ लिहिली. त्यात वर्गमूळच नाही. पूर्णांक आत, पूर्णांक बाहेर, शून्य म्हणजे शून्य. (मोजमाप करून आलेल्या आकड्यांना ते अगदी शून्य येत नाही, लांब्यांच्या मानाने किती लहान आहे ते बघावं लागतं. पण तो पुढचा धडा.) वर चिन्ह फुकट मिळतं: अधिक आलं तर लघुकोन, उणे आलं तर विशालकोन.

मला बारावीत हे सगळं शिकवलं होतं, बरं का. मी वापरलं नाही, कारण मार्क लांब्यांना मिळायचे.

एक शेवटचं उदाहरण, यात आकडेच नाहीत. अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो हे दहावीत दोन समद्विभुज त्रिकोण काढून आपण सगळ्यांनी सिद्ध केलंय. आता वर्तुळाचा केंद्र आरंभबिंदू धरा. व्यासाची टोकं प आणि −प, परिघावरचा बिंदू स. स पासून निघणारे दोन व्हेक्टर: (प − स) आणि (−प − स). त्यांचा डॉट प्रॉडक्ट उलगडा. मधली पदं एकमेकांना खातात, उरतं स चा वर्ग वजा प चा वर्ग. दोघंही केंद्रापासून एका त्रिज्येवर, म्हणून शून्य. आकृती नाही, कोनांची नावं नाहीत. आणि यात वर्तुळाच्या जागी गोल घेतला तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थर्ड इयरला होतो आणि मेसमध्ये टेबलावर पेनाने लिहून शेजाऱ्याला दाखवलं होतं. त्याने वरण वाढायला सांगितलं.

व्हेक्टर "चालतात का" हे भांडण नवीन नाही म्हणा. हॅमिल्टनला १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना क्वाटर्नियन सुचले, तिथल्या पुलाच्या दगडावर त्याने सूत्र कोरलं. त्यातला व्हेक्टरचा तेवढा उपयोगी भाग वेगळा काढून अमेरिकेत गिब्जने १८८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणं छापली, इंग्लंडमध्ये हेविसाइडने तेच स्वतंत्रपणे केलं. हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तारखात्यासारख्या नोकरीतला माणूस. हॅमिल्टनचा पट्टशिष्य टेट इतका भडकला की १८९० मध्ये त्याने गिब्जच्या पद्धतीला संकरातून जन्मलेला राक्षस अशा अर्थाची शिवी छापील पुस्तकात हासडली. त्यानंतर काही वर्षं या लोकांनी 'नेचर'च्या पानांवर एकमेकांची यथेच्छ धुतली. आणि या सगळ्यांच्या बरोबरीने, १८४४ मध्येच, याच कल्पनांवर अख्खं पुस्तक लिहून ठेवणारा ग्रासमान कोण होता? श्टेटिनचा एक मास्तर. त्याचं पुस्तक जवळजवळ कोणी वाचलं नाही. मेथड वेगळी होती.

असो. दोन मार्कांनी काही अडत नाही हे मलाही कळतं. टेस्ट क्लासची आहे, बोर्डाची नाही. मला खुपलं ते वेगळंच. फोनवर मी भाचीला म्हटलं, अगं तुझं बरोबर आहे, उगाच रडू नकोस. ती म्हणाली, "मामा, बरोबर आहे ते मला माहितीये. पण चालेल का?" वर्षभरापूर्वी हीच मुलगी रात्री अकराला फोन करून "मामा, हे असं का होतं?" विचारायची. आता प्रत्येक गणिताला "हे चालेल का?" ताई म्हणते सिरीयस झालीये अभ्यासात. मी काय बोलणार? आमच्या ऑफिसात असे सिरीयस झालेले चाळीस जण बसतात. मी त्यातलाच.

मग मी तिला ते सरकवलेले तीन बिंदू पाठवले, मैत्रिणीला सोडवायला दे म्हणून. रविवारी दुपारी मैत्रिणीचं उत्तर आलं: गणित चुकीचं छापलंय, काटकोन येत नाही. मग दोघी फोनवर पाऊण तास भांडल्या, आणि शेवटी मैत्रिणीनेच ग्राफ पेपरवर आयत काढून त्याचा फोटो पाठवला. तीन मितींतला आयत ग्राफ पेपरवर जरा वाकडाच आलाय, पण आहे.

आता दोघी मिळून उद्या तो कागद सरांना दाखवणार आहेत. मैत्रीण जरा टरकलीये, तिचे तीन मार्क आहेत ना. :)